बाज करकरते तेव्हा

मी एक जुनी बाज आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, मला स्वस्थ बसवत नाही. बाजेला कुठं जायचं असतं, असं तुम्ही विचाराल. कुठंच नाही. पण माझा एक पाय बाकीच्या तिघांपेक्षा बोटाच्या पेराएवढा आखूड आहे. माझ्यावर कुणी नुसती कूस बदलली तरी मी डुगडुगते, आणि डुगडुगले की करकरते. या करकरीपायी मी जन्मभर बोलणी खाल्ली आहेत. आज मला तिचीच गोष्ट सांगायची आहे, तेव्हा तुम्ही तरी जरा मांडी घालून बसा.

माझा जन्म लोणी काळभोरचा. मुक्ताई नावाच्या एका तरण्या बाईचं पहिलं बाळंतपण जवळ आलं होतं. घरच्यांनी कोंडीराम सुताराला बाज करायला सांगितली होती, आणि कोंडीराम रोज 'उद्या देतो' म्हणत होता. शेवटी मुक्ताईच्या कळा सुरू झाल्या तेव्हा त्याची झोप उडाली. एका दिवसात त्यानं बाभळीचं लाकूड तासलं, चार पाय ठोकले, आणि मोजायला वेळ कुणाला होता? दाराशी बसून त्यानं आणि घरातल्या एकानं सुंभ विणला. आत पोर रडलं आणि बाहेर माझी शेवटची गाठ बसली. अशी मी घाईत जन्मले, आणि ती घाई माझ्या अंगातून कधी गेलीच नाही.

तुमच्यातल्या पुष्कळांनी बाळंतिणीची बाज पाहिली नसेल. बाळंतिणीला बाजेवर निजवायचं, खाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, तिच्यात ओवा, शेपा टाकायचा आणि बाळंतिणीचं अंग शेकायचं, ही आपल्याकडची जुनी रीत. सुंभाच्या विणीतून ऊब वर येते, गादीच्या पलंगातून येत नाही. म्हणून एका घरातलं बाळंतपण उरकलं की मला दुसऱ्या घरातून बोलावणं यायचं. माझं भाडं कुणी घेतलं नाही. नियम एकच होता, बाज रिकामी परत करायची नाही. परत येताना माझ्यावर कधी पायलीभर ज्वारी असायची, कधी गुळाची ढेप, कधी नवा सुंभ. मला तो नियम फार आवडायचा. रिकाम्या अंगानं घरी येणं मलाही बरं वाटत नाही.

माझ्याबरोबर आणखी एक वस्तू घरोघर फिरायची. विळा. बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड ठेवलं की बाहेरचं काही तिच्या जवळ येत नाही, अशी समजूत. पुढं आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म स्वीकारला. घरातले देव गेले, नवस गेले, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आले. विळा मात्र माझ्या उशाला तसाच राहिला. कुणी टोकलं तर मुक्ताई म्हणायची, "द्येव न्हवं त्यो, लोखंड हाय." 

मुक्ताईच्या भाच्याचं नाव भीमराव. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तो फिटर म्हणून लागला आणि त्याचं लग्न सत्यशीलेशी झालं. सत्यशीलेला आई नव्हती, म्हणून तिचं बाळंतपण लोणीत आत्यानंच केलं. मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं चैताली. मुक्ताईनं लाडू केले, शेक दिला, कशाची म्हणून कसर ठेवली नाही. पण सत्यशीला माझ्यावर स्वस्थ पडेना. ती कूस बदलायची, उठून बसायची, पुन्हा आडवी व्हायची. हात चुकून उशाखाली गेला आणि विळ्याला लागला की चटका बसल्यासारखा मागं घ्यायची. मुलगी रडली तर तिला जवळ घेण्याआधी उशी लांब सारायची. मी करकरत होते, करकरत होते. अरे, विचारा कुणीतरी हिला, असं मला ओरडून सांगायचं होतं. मला बोलता येत नाही. करकरता येतं. मुक्ताई ओसरीवरून ओरडायची, "बाजंवर पानी मारा रं कुनी, डोकं उठलं!" पाणी मारलं की लाकूड फुगायचं आणि मी गप्प व्हायचे.

एका दुपारी सत्यशीला पदराआड काहीतरी धरून मागच्या विहिरीकडं गेली. परतली तेव्हा पदर मोकळा होता. मी दारातून सगळं पाहिलं. त्या दुपारी ती पहिल्यांदा डोळे मिटून पडली.

विळा सापडेना तेव्हा मुक्ताईनं घर डोक्यावर घेतलं. शेजारचा दशरथ सकाळीच गवत कापायला विळा मागायला आला होता आणि मुक्ताईनं तो दिला नव्हता. झालं. चोर सापडला. बांधावर उभं राहून दोघांचं असं भांडण झालं की दोन घरांचं बोलणं बंद पडलं. दशरथ बिचारा शपथा घेत राहिला. सत्यशीला मान खाली घालून मुलीला पाजत होती.  खरं सांगायचं तर तिनं विळा विहिरीत टाकला, हे आम्हा दोघींशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यातल्या एकीला तोंड नव्हतं.

वर्षं गेली. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, घरोघरी दिवाण आले, आणि मला मुक्ताईच्या गोठ्यात भिंतीला टेकवून ठेवलं. माझ्यावर कोंबड्या बसायच्या. बाळंतिणींना जोजवलेल्या बाजेनं कोंबड्या सांभाळायच्या, हा कुठला न्याय? पण पुण्याकडून येणारे लोक सांगायचे, तिकडं हिंजवडीला शेतांमध्ये काचेच्या इमारती उभ्या राहतायत, पोरं-पोरी रात्रीच्या कामाला जातायत, अमेरिकेत दिवस असतो म्हणे तेव्हा. मी ऐकायचे आणि वाटायचं, आपले दिवस भरले.

मग एक दिवस टेम्पो आला. चैतालीला दिवस गेले होते. ती त्या काचेच्या इमारतींतल्याच एकीत नोकरीला होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधून काढायचं तिचं काम. नवरा अभय, तोही त्याच व्यवसायातला, कंपनीच्या कामासाठी ऑनसाइटला म्हणून अमेरिकेत गेला होता. चैताली बाळंतपणाला खडकीला आई-वडिलांच्या क्वार्टरवर आली होती, आणि मुक्ताई, आता चांगली पिकलेली म्हातारी, मला टेम्पोत घालून नातीच्या बाळंतपणाला निघाली. हडपसरच्या गर्दीत मी टेम्पोत इतकी वाजले की ड्रायव्हरनं रेडिओ मोठा केला.

चैताली माझ्यावर बसली ती लॅपटॉप घेऊनच. रजा सुरू व्हायची होती, घरूनच काम चाललं होतं. तिचा पाय सारखा हलत असे. माझ्यासारखीच ही, मी मनात म्हटलं, आणि ती मला फार आवडली. पण लवकरच माझ्या लक्षात आलं की माझी अस्वस्थता एका आखूड पायाची होती, तिची तशी नव्हती. ती झोपत नव्हती. जेवताना घास हातातच राहायचा.

"आई, मला सारखं वाटतं, काहीतरी चुकणार आहे," ती एकदा म्हणाली.

"पहिलटकरणीला वाटतंच तसं," सत्यशीला भाजी निवडत म्हणाली. "सोनोग्राफी नीट आहे ना? मग?"

सोनोग्राफी नीट होती. साखर, रक्तदाब, बाळाचं वजन, मांडीच्या हाडाची लांबी, सगळं दवाखान्यात मोजलं गेलं होतं. चैतालीच्या मनात काय चाललंय ते मोजायला यंत्र नव्हतं, आणि तोंडानं विचारायचं कुणाला सुचलं नाही. सत्यशीलेच्या हातातली मेथीची काडी मात्र क्षणभर थांबली होती. मी पाहिलं. मग ती पुन्हा निवडू लागली.

मुलगी झाली. गोरीपान, मुठी आवळलेली. दवाखान्यातून घरी आल्या आल्या मुक्ताईनं शेगडी पेटवली आणि माझ्या उशाखाली विळा सरकवला. नवा होता, धार लावलेला. माझ्या सुंभाला त्याचा गारवा लागला आणि जुनं सगळं एकदम आठवलं.

चैतालीला तो लगेच लागला. "आजी, हे काय आहे?"

"विळा हाय. असू दे."

"उशाखाली?"

"बाळंतिनीच्या उशाखाली लोखंड आसतंय."

पहिल्या दिवशी ती हसली. दुसऱ्या दिवशी तिनं तो काढून कपाटाखाली ढकलला. मुक्ताईनं परत ठेवला. तिनं पुन्हा काढला, पुन्हा ठेवला गेला. आणि मग एका सकाळी चैताली कसनुशा आवाजात म्हणाली, "आजी, प्लीज, तो इथून घेऊन जा. मला भीती वाटते त्याची."

इथंच सगळं बिघडलं, मित्रांनो. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर समोरच्यानं विळा उचलून स्वयंपाकघरात नेला असता. पण आमच्याकडचा हिशेब उलटा होता. लोखंडाला भितं ते बाहेरचं. मग ज्या बाईला लोखंड नको वाटतं, तिच्यात ते शिरलेलंच असणार. मुक्ताईचा चेहरा उतरला. तिनं सत्यशीलेला कोपऱ्यात ओढलं. "पोर लोखंडाला भेती. काय ते समज." आणि तिनं सुतळीनं तो विळा माझ्या उशाच्या दांड्याला करकचून बांधून टाकला. ती दुष्ट नव्हती. नातीवर तिचा जीव होता, आणि त्या जिवापायीच तिनं गाठीवर गाठ मारली.

भीमराव कामावरून आला, मुक्ताईनं त्याला सांगितलं. तो चिडला. "आत्या, आपल्यात हे चालत नाही. तुला किती वेळा सांगायचं?"

"तुजी बायको याच बाजंवर बाळंत झाली न्हवं? काय वंगाळ झालं?"

भीमरावानं बायकोकडं पाहिलं. सत्यशीला खाली वाकून शेगडी फुंकू लागली. तेवढं एक वाक्य ती बोलली असती तर! तो थोडा वेळ येरझाऱ्या घालत राहिला, मग म्हणाला, "ही बाज फार वाजते. बाळ दचकतं," आणि हातोडी घेऊन आला. माणसाला जे दुरुस्त करता येत नाही त्याच्या शेजारचं काहीतरी तो दुरुस्त करतो. त्यानं आखूड पायाखाली लाकडाची चकती दिली, सांध्यात पाचर ठोकली. फिटरचं काम ते, पक्कं बसलं. मी गप्प झाले.

मला जीभ कापल्यासारखं वाटलं. चैताली माझ्यावर तळमळायची आणि घरात कुणालाही काही ऐकू जायचं नाही. बाहेरच्या खोलीत सगळे म्हणायचे, आता झोपते हं बिचारी. ती झोपत नव्हती. ती भिंतीकडं तोंड करून पडायची आणि दोन्ही हात स्वतःच्या काखेत घट्ट दाबून धरायची. पाजून झालं की लगेच, "आई, घे तिला." लंगोट बदलायचा तरी आईनं, झोपवायची तरी आईनं. नामकरणाला भन्ते आले, वंदना झाली, मुलीचं नाव संबोधी ठेवलं, आणि फोटो काढताना चैतालीनं बाळ मांडीवर घेतलं नाही. एक शेजारीण दुसरीच्या कानाला लागली, "पोरीपेक्षा लॅपटॉप प्यारा दिसतोय." पुण्यात कुजबूज करतात तीही समोरच्याला ऐकू जाईल एवढ्या बेतानं.

अभयचा फोन यायचा. तो वाईट नव्हता. लांब होता.

"लाडू खातेस ना? मस्त रेस्ट घे. मी येतोच आहे पुढच्या महिन्यात."

"अभय, मला ना... काहीतरी होतंय."

"म्हणजे? काय होतंय?"

चैतालीनं दांड्याला बांधलेल्या विळ्याकडं पाहिलं, मग आईच्या कुशीतल्या बाळाकडं. असं वाक्य कुठल्या तोंडानं बोलायचं? "काही नाही," ती म्हणाली. "आवाज कट होतोय. ठेवते."

इकडं मुक्ताईनं सोलापूर रस्त्यावरचा बाहेरचं उतरवणारा कुणी जाणता शोधून ठेवला होता. अमावस्येला पोरीला तिकडं न्यायचं. भीमराव नाही म्हणत होता, पण त्याचा नकार दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. मी काय करणार होते? एकच गोष्ट माझ्या हाती होती. चैताली जसजशी तळमळायची, तसतशी मी ती पाचर अंगातून ढकलत होते. जरा जरा करत ती सैल झाली. एका दुपारी ती टक्कन खाली पडली आणि मी पुन्हा करकरू लागले. इतकी मोकळी मी कधीच झाले नव्हते.

भीमराव ड्यूटीवर होता. मुक्ताई खाली जिन्याच्या तोंडाशी उन्हात शेपा निवडत बसली होती. सत्यशीला माझ्या शेजारी चटईवर बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालता घालता पेंगली. माझी करकर चालू होती. त्या आवाजात तिचा डोळा लागला.

चैताली उठली. तिनं पाळण्यातून संबोधीला उचललं, पूर्ण लांब हात करून, जणू गरम पातेलं आहे. बाळाला आईच्या कुशीशी ठेवलं. पलीकडून लोळू नये म्हणून उशी लावली. मोबाइल माझ्यावर ठेवला. मग ती दाराशी गेली आणि चपलेत पाय घातला.

माझ्यावर कुणी नव्हतं. मी गप्प होते. सगळं घर गप्प झालं.

आणि सत्यशीला खाडकन जागी झाली. कधीकाळी जिनं माझी करकर स्वतःच्या पाठीखाली ऐकली होती, तिला माझं थांबणं झोपेतही ऐकू आलं.

"कुठं निघालीस?"

"कुठं नाही. बाहेर."

"फोन ठेवून?"

चैताली दाराची कडी धरून उभी राहिली. पाय तसाच हलत होता. "आई, तिला तूच सांभाळ. माझ्याजवळ देऊ नका. ती सेफ नाहीये माझ्याजवळ."

"असं का म्हणतेस?"

"मला दिसतं सारखं. डोळे मिटले तरी, उघडे ठेवले तरी. तो विळा आणि माझा हात." तिचा आवाज फाटला. "मला नकोय गं ते! मी नाही करणार तसं काही. पण केलं तर? मी नसलेलीच बरी. सगळ्यांसाठी."

सत्यशीला उठली. मला वाटलं, ही आता ओरडणार, शेजाऱ्यांना बोलावणार. ती आधी दाराशी गेली, लेकीचं मनगट पकडलं आणि तिला ओढत माझ्यापाशी आणलं. एका हातानं तिला धरून ठेवलं, दुसऱ्या हातानं आणि दातांनी मुक्ताईच्या गाठी सोडवल्या. गाठी पक्क्या होत्या, तिच्या ओठाला रक्त आलं. विळा सुटला तसा तिनं तो उघड्या दारातून जिन्यात भिरकावला. तो पायऱ्यांवरून खणखणत गेला.

"मला पण दिसायचं," सत्यशीला म्हणाली.

चैतालीचा हलणारा पाय थांबला.

"तू एवढीशी होतीस. हीच बाज. मला वाटायचं, आईच्या पोटात असले विचार येतात, म्हणजे मी बाई नाहीच, राक्षसीण आहे. कुणाला सांगितलं नाही. तुझ्या बाबांनाही नाही. घाबरून विळा विहिरीत टाकला. आणि तू तशीच तळमळतेस हे मला दिसत होतं गं, चैताली. दिसत होतं आणि मी तोंड मिटून बसले, कारण तुझं विचारलं असतं तर माझं सांगावं लागलं असतं."

"कोनत्या हिरीत?"

दारात मुक्ताई उभी होती. हातात विळा, श्वास लागलेला.

"मागच्या, आत्या."

मुक्ताईनं हातातल्या विळ्याकडं पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हंजी, दशरथानं न्हवता न्हेला?"

"नाही."

"आगं, मग मी त्या मान्साच्या दारावरनं इतकी वरसं तोंड फिरवून जाती ती कशापायी?"

आणि चैताली हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा हसली, आणि हसता हसता तिला असं रडू फुटलं की ती माझ्यावर कोसळली. सत्यशीला तिला धरून बसली. मुक्ताईनं विळा बाहेरच ठेवला, हात पुसले आणि बाळाला उचललं. आम्ही चौघीजणी आणि ते लेकरू. मी तेव्हा जेवढी करकरले तेवढी कधी करकरले नसेन, आणि कुणीही पाणी मारा म्हणालं नाही.

"माझं आपोआप उतरलं," सत्यशीला शेवटी म्हणाली. "पण तुझं पहिलं वर्ष मला आठवत नाही. तुझं पहिलं पाऊल आठवत नाही. तुझं तसं जाऊ द्यायचं नाही." तिनं भीमरावाच्या कारखान्यात निरोप धाडला आणि लेकीला एकटं न सोडता त्याच दुपारी रिक्षा बोलावली.

पुढचं मी घरातल्या बोलण्यातून ऐकलं. प्रसूतीच्या डॉक्टरांनी लगेच मानसोपचाराच्या डॉक्टर पूर्णिमांकडं पाठवलं. त्यांनी चैतालीचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये न बोलता. मग सांगितलं की हे बाळंतपणानंतरचं नैराश्य आहे, गरोदरपणातच त्याची सुरुवात झाली होती. नको ते विचार बळजबरीनं डोक्यात घुसतात, हा आजाराचा भाग आहे, ती आईची इच्छा नव्हे. ज्या आईला त्या विचारांची एवढी दहशत बसते की ती स्वतःच बाळापासून लांब पळते, तिला राक्षसीण कोण म्हणेल? मुक्ताईही गेली होती. तिनं पुढं वाकून विचारलं म्हणे, "पर बाहेरचं न्हाई ना काही?"

"नाही, आजी. आतलंच आहे. म्हणून तर औषधानं बरं होतं."

मुक्ताईनं यावर खूप विचार केला. अमावस्या आली आणि गेली. ती खडकीतच लसूण सोलत बसली.

गोळ्या सुरू झाल्या, दूध पाजताना चालतील अशा, डॉक्टरांनी निवडून दिलेल्या. दर आठवड्याला बोलायला जायचं. तिला एकटं ठेवायचं नाही, पण पहाराही करायचा नाही. आणि झोप. रात्रीचं एक पाजणं भीमराव वाटी-चमच्यानं करू लागला, कारखान्यात बारीक सुटे भाग हाताळणारा माणूस, एक थेंब सांडायचा नाही. डॉक्टरांनी अभयशी फोनवर बोलून सगळं सांगितलं. तो महिना संपायची वाट न बघता आला. आल्या आल्या माझ्या कडेला बसला आणि म्हणाला, "तू त्या दिवशी सांगत होतीस. मी लाडवांचं विचारलं."  मग तो दुपटी धुवायला गेला. ती स्वच्छ निघाली नाहीत, सत्यशीलेनं परत धुतली.

जादू काही झाली नाही, मित्रांनो. दोन दिवस बरे जायचे, तिसऱ्या दिवशी ती पुन्हा भिंतीकडं तोंड करायची. मला धीर धरवत नाही हे तुम्हाला माहीतच आहे. मी रोज सकाळी वाट बघायचे. एके सकाळी संबोधी पाळण्यात कुरकुरली. सत्यशीला उठायला लागली तेव्हा चैताली म्हणाली, "थांब, मी घेते." तिनं बाळाला उचललं, माझ्यावर आणलं, आपल्या कुशीत ठेवलं. आधी हात आखडलेलेच होते. मग एक हात बाळाच्या पाठीवर आला आणि तिथंच राहिला. थोड्या वेळानं दोघी झोपल्या. चैतालीनं झोपेत कूस बदलली आणि मी करकरले. भीमराव दारातून डोकावला, हातात हातोडी होतीच.

"पाचर बसवू का परत?"

"राहू द्या," सत्यशीला म्हणाली. "वाजू दे तिला."

आयुष्यात माझं याहून मोठं कौतुक कुणी केलेलं नाही.

मला लोणीला परत पाठवायची वेळ आली. रिकामी बाज पाठवायची नाही, हे तुम्हाला आठवत असेल. सत्यशीलेनं माझ्यावर गुळाची ढेप ठेवली, आणि कागदात गुंडाळलेला एक कोरा विळा. "विहिरीतल्याच्या बदली," ती आत्याला म्हणाली. मुक्ताईनं तो घरी नेला नाही. टेम्पो तिनं दशरथाच्या दारात थांबवला. दशरथ आता म्हातारा, कानानं अधू. मुक्ताईनं त्याच्या हातात विळा दिला आणि ओरडून सांगितलं, "तू न्हवता न्हेला!" त्यानं विळा उलटसुलट पाहिला. "आता देतीस व्हय?" तो म्हणाला. "गवत कवाच वाळलं." पण त्यानं तिला चहा पाजला, आणि दोन घरांचं बोलणं सुरू झालं.

आता मी स्वारगेटजवळ कल्याणीकडं निघाले आहे. मुक्ताईच्याच नात्यातली ही, आठवा महिना लागलाय. मुक्ताईनं माझा सुंभ आवळून घेतला, शेगडी घासली, शेपा बांधून दिला. विळा दिला नाही. काल ती फोनवर कल्याणीशी बोलत होती, नेहमीसारखी मोठ्यानं, "तूप खा, पानी पी. आन् झोप लागती का गं? मनात काय बाय येतं का? आलं तर सांग. लाजू नगं. माज्या भाचेसुनंला आलंतं, तिच्या लेकीला बी आलंतं. दोगी बऱ्या हायत."

मित्रांनो, तुमच्या घरात आज ना उद्या बाळ येईल. ताईचं येईल, मामीचं येईल. सगळे बाळाकडं धावतील, त्याचं नाक कुणासारखं यावर वाद घालतील. घाला. पण त्या गडबडीत बाळाच्या आईपाशीही कुणी बसा. ती सारखी उठत-बसत असेल, हसत नसेल, बाळाला घ्यायला घाबरत असेल, तर तिला नावं ठेवू नका, दोरे-गंडे बांधू नका, आपोआप उतरेल म्हणून थांबूही नका. मोठ्यांना सांगा, तिला डॉक्टरकडं न्या. आणि तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी जुनी बाज करकरायला लागली, तर हातोडी शोधायच्या आधी जरा तिच्याजवळ जा आणि वर निजलेल्या बाईला विचारा, "झोप येत नाही का गं तुला?"